गाणं कधी सुरू होणार?

वाचकाचा प्रश्न (पत्र चार पानी होतं, थोडक्यात देतेय): वय पस्तिशीचं, काम एका कंपनीच्या तक्रार विभागात, फोनवर. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं आणि ठरवून दिलेली वाक्यं बोलायची. दोनेक वर्षांपूर्वी त्यांना पोस्ट-रॉक सापडलं, म्हणजे ते शब्द नसलेलं, हळूहळू चढत जाणारं, दहा-दहा वीस-वीस मिनिटांचं गिटारचं संगीत, आणि आता शब्दांची गाणी नकोशी होतात. रोज रात्री तास-दीड तास हेडफोन लावून अंधारात पडून असतात. बायकोचं म्हणणं, हे संगीत उदास आहे आणि त्याने तुम्ही उदास होत चाललाय. तिला कळावं म्हणून एका रविवारी त्यांनी आपला सगळ्यात लाडका अठरा मिनिटांचा ट्रॅक लावला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले. चौथ्या मिनिटाला तिने विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?" हे त्यांना फार लागलं, तेव्हापासून तो विषय घरात बंद. विचारतात, माझ्यात काही बिघडलंय का, आणि तिला हे आवडावं म्हणून काय करू? ता. क. मध्ये, महागातले हेडफोन घ्यावेत का?

उत्तर:

सॉरी, पण "गाणं कधी सुरू होणार" वाचून मी मोठ्याने हसले. तुम्हाला लागलं हे कळलंय मला, तरीही. कारण प्रश्न चुकीचा नाहीये हो. आपल्या कानांना सवय कशाची, तर आधी जरा म्युझिक वाजतं, मग मुखडा, मग अंतरा, परत मुखडा. ते सुरुवातीचं म्युझिक म्हणजे दार उघडायला आलेला माणूस, एकदा आत गेलं की त्याच्याकडे कोण बघतंय. आणि पोस्ट-रॉकमध्ये होतं काय, की तो दार उघडायला आलेलाच माणूस तुम्हाला घेऊन अठरा मिनिटं बसतो, आतून दुसरं कोणी येतच नाही. तुमची आता त्याच्याशी ओळख झालीय, बायकोची नाही झालेली. त्या रविवारी माझ्या मते एवढंच झालं. पण जरा नीट बघू, कारण पत्रात तुम्ही दोन-तीन गोष्टी गृहीत धरल्यात आणि त्यातली एकही मला पटलेली नाही.

पहिली म्हणजे, त्या दिवशी तुम्ही दोघांनी एकच गोष्ट ऐकली. नाही ऐकली.

अशा ट्रॅकची सुरुवात आठवा. एक गिटार, दोन-तीन सूर, परत तेच दोन-तीन सूर. गिटारवाल्याच्या पायाशी डिले नावाचं पेडल असतं, वाजवलेला सूर अर्ध्या सेकंदाने परत येतो, मग परत, दर वेळी जरा फिका, आणि त्या फिकटलेल्यावर तो पुढचा सूर ठेवतो, त्यामुळे एकाच माणसाची तीन माणसं वाटायला लागतात. दीड-दोन मिनिटांनी दुसरी गिटार येते पण आली हे कळतसुद्धा नाही, कारण ती एकच सूर इतका भराभर छेडत असते की तार ऐकूच येत नाही, लांब कुठेतरी व्हायोलिन धरून ठेवल्यासारखं काहीतरी येत राहतं. ड्रमवाला मऊ टोकाच्या काठ्या घेऊन झांजेवर नुसता एक गुंजारव आणतो आणि सोडून देतो. बेस एकाच सुरावर बसलेला. चार मिनिटं झाली. हिशेब मांडला तर घडलेलं काही नाही.

आता मला सांगा, हा ट्रॅक तुम्ही किती वेळा ऐकलाय? पन्नास? शंभर? तुम्हाला माहितीये अकराव्या मिनिटाला काय होणार आहे. सगळे मिळून डिस्टॉर्शनच्या, म्हणजे आवाज फाडून खरखरीत करणाऱ्या, पेडलवर पाय ठेवणार, ड्रमवाला तुटून पडणार, आणि मगाचेच ते दोन-तीन सूर, तेच हं, बदललेले नाहीत, भिंत कोसळावी तसे अंगावर येणार. म्हणजे तुमच्यासाठी पहिली चार मिनिटं रिकामी नव्हतीच, त्यात अकरावं मिनिट आधीच भरलेलं होतं.

आणि हे मी मनाचं सांगत नाहीये. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २००१ साली एक प्रयोग झाला, दहा लोकांना सांगितलं की ज्या संगीताने तुमच्या अंगावर हमखास काटा येतो ते तुमचं तुम्ही घेऊन या, आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट लक्षात राहिलीय. तुलनेसाठी काहीतरी 'साधं' संगीतही लागतं ना, ज्याने काही होत नाही असं? तर ते म्हणून त्यांनी दुसऱ्या कोणाचं तरी काट्याचं संगीतच लावलं. म्हणजे एकाचा शहारा तो दुसऱ्याचा 'काही नाही'चा नमुना! पुढे २०११ मध्ये तिथल्याच संशोधकांनी दाखवलं की डोपामिन, म्हणजे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन, नुसतं त्या शिखराच्या क्षणी सुटत नाही, त्याच्या आधीच्या सेकंदांतही सुटतं, मेंदूच्या वेगळ्या भागात, केवळ येणार येणार म्हणून. आता येणार आहे हे ज्याला माहीतच नाही त्याला हे कुठून मिळायचं?

तुम्ही वाट बघत होतात. तुमची बायको नुसती थांबली होती. आणि कशासाठी थांबलोय हे न सांगता कोणी थांबवून ठेवलं की चार मिनिटं म्हणजे बराच वेळ झाला, मी तर दोन मिनिटांतच विचारलं असतं. वर समोर नवरा चेहऱ्याकडे टक लावून बसलेला. अहो, परीक्षा होती ती.

माझं स्वतःचं सांगते. मला हे संगीत पहिल्यांदा ऐकवलं एका मित्राने, रात्री गाडीतून लांबच्या प्रवासात, आणि मी पहिल्या पाच मिनिटांत झोपले. जाग आली ती बरोबर त्या कोसळण्याच्या वेळी, बाहेर काळोख, समोर फक्त हेडलाइटमध्ये येणारे पांढरे पट्टे, आणि गाडीभर तो आवाज. मी म्हटलं हे काय आहे, परत लाव. परत लावल्यावर मग ती सुरुवात ऐकली, कारण आता ती कुठे जाते ते माहिती होतं. म्हणजे शुद्धतावादी लोक नाक मुरडतील अशा पद्धतीने, शेवट आधी आणि सुरुवात नंतर, मी या संगीतात शिरले. तेव्हा कोणाला कसं आवडायला हवं याचे नियम माझ्यापुढे नका मांडू.

(आलापीशी तुलना करायचा मोह होतो, तुम्हीही पत्रात केलीय. अर्धी बरोबर आहे, घाई नसणं, शब्दांचं काम नसणं. पण आलापीत गंमत एकेका सुराकडे कसं जायचं यात असते आणि ती दर वेळी वेगळी निघते. इथे सूर तेच ठेवून त्यांचा आकारमान आणि वजन बदलतात, आणि रेकॉर्डवरचा तर प्रत्येक सेकंद ठरलेला. आलापी आवडते म्हणजे हेही आवडलं पाहिजे असा युक्तिवाद बायकोसमोर करू नका, हराल.)

दुसरं गृहीतक तुमच्या बायकोचं आहे पण तुम्हीही ते निमूटपणे मान्य करून टाकलंय, की हे संगीत उदास आहे. मला नाही वाटत इतकं सोपं. २००२ च्या एका ब्रिटिश सिनेमात माणूस हॉस्पिटलात जागा होतो आणि सुनसान लंडनमधून एकटाच चालत जातो, त्या प्रसंगाला मॉन्ट्रियलच्या गॉडस्पीड यू ब्लॅक एम्परर या बँडचं संगीत आहे. दोनच वर्षांनी अमेरिकेत टेक्ससमधल्या एका शाळेच्या फुटबॉल टीमवर सिनेमा आला, त्याला संगीत टेक्ससच्याच एक्स्प्लोजन्स इन द स्काय या बँडचं. दोन्ही पोस्ट-रॉक, दोन्हीकडे गिटारी, दोन्हीकडे तो हळूहळू चढणारा आलेख, आणि एकीकडे जग संपलंय तर दुसरीकडे सतरा वर्षांची पोरं मॅच जिंकायला मैदानात उतरतायत. मग उदास नक्की काय? शब्द असले की गाणं सांगतं तुम्हाला, की हा विरह आहे बरं का, हे प्रेम आहे. इथे कोणी सांगत नाही, मग तुम्ही तुमचं आणून ठेवता. दिवसभर शिव्या खाऊन आलेला माणूस काय आणणार?

आणि या बँडवाल्यांना वाटतो तितका गंभीरपणा नसतोही. ग्लासगोचे मोगवाई घ्या, काळजाचा ठाव घेणारं वाजवतात आणि ट्रॅकला नाव काय देतात तर 'तू लायनेल रिची आहेस', म्हणजे गोड प्रेमगीतं गाणारा तो अमेरिकन गायक. हे खरंच त्यांच्या २०११ च्या अल्बमवर आहे. बायकोला आधी ही नावं वाचून दाखवा, ट्रॅक नंतर.

आता तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही लिहिता, "मला शब्दच नको झालेत." शब्द नको झालेला माणूस चार पानी पत्र लिहीत नाही हो. आणि चांगलं लिहिलंय, त्या अकराव्या मिनिटाबद्दल तुम्ही जे लिहिलंय, "कोणीतरी माझ्या वतीने ओरडतंय आणि मला सॉरी म्हणावं लागत नाहीये", ते मी दोनदा वाचलं. तुम्ही कंटाळलाय ते ठरवून दिलेल्या वाक्यांना, 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल'वाल्या. आठ तास ती तोंडात घेऊन घरी आल्यावर गाण्यातलं यमक जुळवलेलं कडवंसुद्धा तसलंच वाटणार, साहजिक आहे.

या संगीताच्या मुळाशीच हा कंटाळा थोडाफार आहे. टॉक टॉक नावाचा ब्रिटिश बँड, १९८४ मध्ये 'इट्स माय लाइफ'सारखं पॉप गाणं गाजवलेले लोक, १९८८ पर्यंत अशा ठिकाणी पोचले की लंडनच्या स्टुडिओत महिनोन्‌महिने जवळजवळ अंधारात वाजवत बसायचे, तासन्‌तास रेकॉर्ड करायचे आणि त्यातलं बहुतेक सगळं पुसून टाकायचे. उरलं त्यात गाणं होतं, शब्द होते, पण मध्ये एवढी शांतता की शब्द पाहुण्यासारखे येतात. रेकॉर्ड कंपनीला ते कसं विकायचं हे कळेना. तेव्हा या प्रकाराला नावही नव्हतं, पोस्ट-रॉक हा शब्द सायमन रेनल्ड्स या समीक्षकाने १९९४ मध्ये रूढ केला, रॉकचीच वाद्यं पण रॉकच्या कामासाठी न वापरणारे लोक अशा अर्थाने. (बऱ्याच बँडना हे लेबल आवडत नाही. असो.)

आणि आइसलँडच्या सिगुर रोस यांनी तर मधला रस्ताच काढला. त्यांचा गायक गिटार चेलोच्या बोने वाजवतो आणि गातो ते बरेचदा कुठल्याच भाषेत नाही, नुसते आवाज, बनवलेले. २००२ च्या अल्बमचं नाव म्हणजे नुसता एक रिकामा कंस, आठ ट्रॅक, एकालाही नाव छापलेलं नाही, आणि सोबतच्या पुस्तिकेची पानं कोरी. ऐकणाऱ्याने आपलं लिहावं म्हणून. हे तुमच्या कामाचं आहे, खाली सांगते.

तर, बिघडलंय का काही. पत्रावरून मला तसं वाटत नाही, पण मला पत्र दिसतं, तुम्ही दिसत नाही. स्वतःला विचारायचा प्रश्न मी असा विचारेन, की हेडफोन काढल्यावर तुम्ही कसे असता? मोकळे होऊन, जरा बोलावंसं वाटून बाहेर येता, की मध्येच कोणी खांद्याला हात लावला तर अंगावर जाता? पहिलं असेल तर तास-दीड तास ऐकणं हा चांगला छंद आहे, लोक तेवढा वेळ अंगठ्याने फोन सरकवण्यात घालवतात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. दुसरं असेल तर तुम्ही संगीत ऐकत नसून दाराला कडी लावताय, आणि मग बायकोची काळजी रास्त आहे. झोप उडालीय, जेवण जात नाही, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नाही, हे आठवड्यामागून आठवडे चाललंय, असं असेल तर डॉक्टरकडे जा, माझ्या सदराकडे नको.

गॉडस्पीडच्याच १९९७ च्या एलपीची एक गोष्ट आहे. रेकॉर्डच्या शेवटची खाच त्यांनी बंद वर्तुळाची केलीय, सुई तिथे पोचली की तेच एक आवर्तन फिरत राहतं, अनंत काळ, तुम्ही उठून सुई उचलेपर्यंत. तुमच्याकडे ॲप आहे, ते एकातून दुसऱ्यात घेऊन जातं, उठावंच लागत नाही. तुमची सुई तुम्ही ठरवा. रात्री एक पूर्ण अल्बम, तो संपला की दिवा लावायचा. आणि आत जाण्याआधी बायकोला सांगून जायचं, "पाऊण तास ऐकतोय, मग येतो," आणि मग खरंच यायचं. दार बंद होण्यापेक्षा ते कधी उघडणार हे माहीत नसणं जास्त त्रास देतं, त्या चार मिनिटांनीच हे तुम्हाला शिकवलंय.

तिला आवडावं यासाठी काय करू, असं विचारलंत. आवडलंच पाहिजे का? तुम्हाला हवंय ते वेगळंच असावं असा मला संशय आहे. त्या ट्रॅकमध्ये तुमचे आठ तास आहेत, शिव्या आहेत, गिळलेली उत्तरं आहेत, आणि तुम्हाला वाटलं की ट्रॅक लावला की ते सगळं आपोआप तिच्यापर्यंत जाईल. नाही जात. शब्द नसलेल्या संगीताची सोय तीच आणि अडचणही तीच, तुमचं तुम्ही भरलेलं दुसऱ्याला ऐकू येत नाही. म्हणून ते "माझ्या वतीने ओरडतंय"वालं वाक्य, जे मला लिहिलंत, ते तिला सांगा. ट्रॅक न लावता, साध्या बोलण्यात. मला ते सांगून काय उपयोग, मी तुमच्या घरी राहत नाही.

त्यानंतरही एकत्र ऐकायचं असेलच तर अठरा मिनिटांवाला नको. गॉडस्पीडचा २००० सालचा जोड-अल्बम, चार ट्रॅक मिळून ८७ मिनिटं, तो तर अजिबात नको, तो तुमचा तुम्ही ऐका. एक्स्प्लोजन्स इन द स्कायचा २००३ चा अल्बम घ्या, पाचच ट्रॅक, सुरावट पटकन ओळखीची होते, आणि त्याचं नावच असं आहे की पृथ्वी ही काही थंड, मेलेली जागा नाही. उदास म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तर. किंवा सिगुर रोस, तिथे निदान माणसाचा आवाज तरी आहे धरायला. ऐकताना समोरासमोर बसू नका, डोळ्यांना काहीतरी काम असू द्या, गाडी, चालणं, खिडकी, घड्या घालायचे कपडे. आधी सांगून टाका, "सातव्या मिनिटाला मोठं होतं हं," काही बिघडत नाही, सस्पेन्स सिनेमा नाहीये तो. बायको मध्ये बोलली तर बोलू द्या. आणि संपल्यावर "कसं वाटलं" विचारू नका, "तुला काय दिसलं" विचारा, त्या कोऱ्या पानांसारखं. तुम्हाला कोसळणारी भिंत दिसत असेल आणि तिला मशीनमध्ये फिरणारे कपडे दिसले तर तेही बरोबरच आहे.

हे वाचणाऱ्यांत दुसऱ्या बाजूचेही असतील, ज्यांचा नवरा, मुलगी, रूममेट असलं काहीतरी लावून बसतात. तुम्ही आवडून घेण्याची काही गरज नाही. फक्त "यात काहीच होत नाही" याऐवजी "यात तुला काय होतं" असं एकदा विचारून बघा, आणि उत्तर लांबलं तर थोडं थांबा, या लोकांना सुरुवात करायला वेळ लागतो.

राहिला हेडफोनचा प्रश्न. नका घेऊ, निदान आत्ता. आहेत त्यांचा व्हॉल्यूम आधी नीट लावा. या संगीतात सगळे एक चूक करतात, सुरुवात ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवतात आणि मग अकराव्या मिनिटाला कानाचे पडदे सोसतात. ट्रॅकचा सगळ्यात मोठा भाग आधी लावा, त्यावर व्हॉल्यूम ठरवा, मग मागे जाऊन सुरुवातीपासून ऐका, आणि सुरुवात हळू येते तर येऊ द्या, खोली शांत करा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. तुम्ही रोजचे दीड तास धरले तर साडेदहा होतात, आणि तुमचे कान आधीच दिवसभर हेडसेटमध्ये असतात. शफल बंद ठेवा, दोन ट्रॅकमध्ये गॅप पडणार नाही अशी सेटिंग असते ती चालू करा, फुकटात निम्मा फरक पडेल. आणि जे पैसे वाचतील त्यांचा एक साधासा स्पीकर आणा, खोलीत ठेवा, दार उघडं, आवाज इतका की बाहेरच्याला बोलता येईल. अकराव्या मिनिटाला बाहेरून "हे मगाचंच आहे ना?" असं काही ऐकू आलं तर मला कळवा, आणि त्या वेळी पळत चेहरा बघायला जाऊ नका.